ऊन सहा वाजल्यानंतर आत येतं

जुन्या जागेत माझं टेबल पश्चिमेच्या काचेला लागून होतं. तीन वाजता ऊन टेबलावर उतरायचं, चारला हातावर यायचं, पाचला थेट तोंडावर. दोन-दोन टनांचे दोन एसी १८ वर लावलेले असायचे, तरी पाठीला घाम आणि डोकं तापलेलं. रोखपाल ताई मानेवर ओला रुमाल टाकून नोटा मोजायच्या. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत गरम मार्च ठरला. त्या महिन्यात एकाच आठवड्यात आमच्या दोघा कर्मचाऱ्यांना कामावर भोवळ आली. पुढच्याच सभेत स्वतःची इमारत बांधायचा ठराव झाला.

मी पतसंस्थेचा व्यवस्थापक. अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं काम चालतं. कर्जाची कागदपत्रं मला डोळे मिटून कळतात, पण भिंत आणि गच्ची यांचं ज्ञान शून्य होतं. पुढच्या दोन वर्षांत जे पाहिलं ते लिहून ठेवतो आहे, कारण आमच्या भागात रोज नवी कार्यालयं उभी राहताहेत आणि बहुतेकांच्या पश्चिमेला मी भोगली तीच काच आहे.

पहिला नकाशा आला तोही तसाच होता. आमचा प्लॉट ६० फूट रुंद, ९० फूट खोल, रस्ता पश्चिमेला. म्हणून दर्शनी बाजू पूर्ण काचेची, वर चकचकीत ॲल्युमिनिअमचे पत्रे. संचालक मंडळ खूश होतं. मी सभेत जुन्या जागेच्या काचेची आठवण करून दिली, तेव्हा एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "अरे बाबू, काच नाई लावली तं लोकं म्हनतीन संस्था डबघाईले आली. एसी वाढवू ना दोन." माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन एसी वाढवून उन्हाशी किती वर्षं भांडायचं, हे मात्र मनात राहिलं.

मेव्हण्याच्या ओळखीने अकोल्यातल्या एका आर्किटेक्ट मॅडमना भेटलो. त्यांनी प्लॉट, बजेट काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "ऑफिस किती ते किती?" म्हटलं, दहा ते सहा. त्यांनी कोऱ्या कागदावर वरच 'दहा ते सहा' लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

मग त्यांनी जे समजावलं त्यावर आमची सगळी इमारत उभी आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीवर ऊन पडलं की ते लगेच आत येत नाही. बाहेरचा ताप भिंतीतून आत पोचायला सहा ते आठ तास लागतात. घराला यामुळे त्रास होतो: दुपारभर तापलेली भिंत रात्री, नेमकं झोपायच्या वेळी, आत उष्णता सोडते. म्हणून तर आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं गच्चीवर, अंगणात झोपत आली. पण ऑफिसात रात्री कुणी नसतं. दुपारच्या उन्हाला आपण सहा वाजेपर्यंत भिंतीत अडवून धरलं, तर ते आत येईल तेव्हा कुलूप लागलेलं असेल. रात्रीच्या गार हवेने भिंती, स्लॅब, फरशी पुन्हा निववली की सकाळी दहाला इमारत थंड हाती मिळते. "रात्र तुमच्याकडे मोकळी आहे, ती वापरा," असं त्या म्हणाल्या. मला माझ्या आजोळचं धाब्याचं घर आठवलं. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं सपाट छप्पर, म्हणजे धाबं, आणि भर मे महिन्यात दुपारी जेवून मधल्या खोलीत लागलेली झोप.

पुढच्या रविवारी प्लॉटवर गेलो. मोबाइलमधलं होकायंत्र असताना मॅडमनी जमिनीत एक सरळ काठी रोवून घेतली आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखलं. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं तिथे एक खुंटी, दुपारनंतर परत शिवलं तिथे दुसरी. दोन्ही खुंट्या जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. हे जुनं शंकूचं, म्हणजे उभ्या काठीचं, तंत्र, देवळं बांधणाऱ्यांचं. लोखंडी तारांजवळ होकायंत्र फसतं, सावली फसत नाही. आमचा प्लॉट थोडासाच तिरपा निघाला. इमारतीची लांब बाजू प्लॉटच्या खोलीकडे, म्हणजे पूर्व-पश्चिम धावली, की मोठ्या दोन भिंती आपोआप उत्तर-दक्षिणेला येत होत्या. ज्या प्लॉटला आम्ही 'पश्चिममुखी' म्हणून नाकं मुरडत होतो, त्याची खोली आमच्या कामाची होती.

दिशांचं गणित मला फार आवडलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. आपण सुमारे २०.७ अक्षांशावर. २३ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो आपला शून्य सावलीचा दिवस, आणि २१ जूनला तर तो भर दुपारी डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन दक्षिणेच्या भिंतीला लागतच नाही म्हटलं तरी चालेल, सगळा मारा छपरावर. मार्चच्या २१ तारखेला दुपारी सूर्य क्षितिजापासून ६९ अंशांवर असतो. तेव्हा दोन फुटांचा छज्जा खाली पाच फुटांहून जास्त सावली देतो. आमच्या खिडक्या साडेचार फूट उंच. झालं, दक्षिण दोन फुटांत सुटली. पण मॅडमनी छज्जा अडीच फूट केला. विचारलं तर म्हणाल्या, "ऑक्टोबर. तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि आपल्याकडची ती हीट तुम्हाला माहीत आहे." त्या सहा इंचांमुळे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुपारची खिडकी पूर्ण सावलीत राहते. पूर्व-पश्चिमेला मात्र छज्जा कामाचा नाही. ऊन आडवं येतं, छज्ज्याच्या खालून सरळ घुसतं. तिथे उपाय दोनच: भिंत आंधळी, म्हणजे बिनखिडकीची, ठेवा किंवा उभ्या पट्ट्या लावा.

म्हणून नकाशात पश्चिमेला माणसं बसवलीच नाहीत. जिना, संडास-बाथरूम, जुन्या दप्तराची खोली आणि लॉकरची स्ट्राँगरूम अशी सगळी ओळ रस्त्याच्या बाजूला. या खोल्या ऊन अंगावर घेतात आणि मधला हॉल वाचतो. स्ट्राँगरूमच्या भिंती तशाही जाड काँक्रीटच्या लागतात. ती नैऋत्य कोपऱ्यात गेली. इथे एक अडचण सोपी झाली. काच हवी म्हणणारे तेच संचालक वास्तुशास्त्र मानणारे होते. नैऋत्येला जड सामान आणि उत्तर मोकळी, हे पाहिल्यावर ते नकाशावर बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "हे बरोबर आहे." शास्त्र वेगळं असेल, पण बोट एकाच कोपऱ्यावर टेकलं.

दर्शनी बाजूचा प्रश्न तरी राहिलाच. त्यासाठी मी आणि अध्यक्ष अहमदाबादला गेलो, एका लग्नाच्या निमित्ताने एक दिवस जास्त काढून. साबरमतीच्या काठावर गिरणी मालक संघटनेचं कार्यालय आहे, प्रसिद्ध वास्तुकार ल कॉर्बुझिएने १९५४ मध्ये बांधलेलं. त्याच्या पश्चिमेच्या, रस्त्याकडच्या बाजूला काँक्रीटच्या जाड उभ्या पट्ट्या तिरप्या लावल्या आहेत. समोरून चालत जा, इमारत उघडते आणि मिटते. उन्हाला अडवणाऱ्या पट्ट्याच तिचा चेहरा आहेत. दुपारी आम्ही संगाथ पाहिलं, वास्तुकार बाळकृष्ण दोशींचं स्वतःचं ऑफिस, १९८० चं. दोशी मूळचे पुण्यात जन्मलेले. जमिनीत अर्धवट रुतलेल्या लांब कमानी आणि त्यांच्यावर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवलेले. बाहेर डोळे दिपत होते आणि आत पाय ठेवताच गारवा जाणवला. अध्यक्ष तिथल्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "काच नको. सभेत मी बोलतो."

आमच्या पश्चिमेला तिरप्या पट्ट्यांचा खर्च परवडला नाही. तिथे विटांची जाळी आली, जिन्याच्या पुढे दोन फूट सोडून. जाळी आणि भिंत यांच्यामधल्या जागेत मधुमालती लावली.

भिंतींसाठी पारसच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा मिळाल्या, जवळच. मॅडमना रॅट-ट्रॅप बाँड हवा होता, वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेला. त्यात विटा आडव्या न निजवता काठावर उभ्या लावतात. नऊ इंची भिंतीच्या पोटात तीन इंचाची पोकळी राहते आणि सुमारे पाव विटा वाचतात. अडकलेली हवा उष्णता अडवते. आमचे गवंडी मिस्त्री ऐकून घेईनात. पोकळ भिंत म्हणजे कच्ची भिंत, असं त्यांचं ठाम मत. शेवटी मॅडमनी प्लॉटच्या कोपऱ्यात चार फूट नमुना भिंत बांधून घेतली. मिस्त्रींनी स्वतः घण मारून पाहिला, मग काम सुरू झालं. चूक नंतर झाली: विजेच्या पाइपांची जागा आधी ठरली नाही, आणि वायरमनने तयार भिंतीला काप दिले. पोकळी उघडी पडली तिथे भरावं लागलं. असं बांधकाम करणाऱ्याने वायरिंगचा नकाशा पहिल्या विटेआधी हातात घ्यावा, एवढं मी कळकळीने सांगतो.

सगळ्यात जास्त वाद गच्चीवर झाला, आणि सगळ्यात जास्त फायदाही तिथेच. जुन्या जागेत एसी असून डोकं का तापायचं, हे मला इथे कळलं. माणसाला हवेचं तापमान लागतं तेवढंच भोवतालच्या पृष्ठभागांचं लागतं. वरचा स्लॅब तापला की तो तव्यासारखा खाली उष्णता फेकत राहतो. हवा कितीही गार करा, डोकं भाजतंच. मॅडम एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन जुन्या ऑफिसात आल्या होत्या. संध्याकाळी पाचला छताची खालची बाजू ४३ दाखवत होती. एसीचा रिमोट १८ दाखवत होता.

नव्या गच्चीवर स्लॅबच्या वर दोन इंच जाडीचे दाट फोमचे बोर्ड, त्यावर जाळी टाकून विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि सर्वांत वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. ठेकेदार म्हणत होता की बोर्ड खालून, छताला लावू, स्वस्त पडेल. मॅडम अडून बसल्या. खालून लावला तर स्लॅब उन्हाच्या बाजूला राहतो. वरून लावला तर स्लॅब आपल्या बाजूला राहतो, रात्री गार होतो आणि दिवसभर तो गारवा देतो. एकच वस्तू, एकच पैसा, फक्त कोणत्या बाजूला, यावर सगळं अवलंबून. टाइल्सचे तुकडे आम्हाला टाइलच्या दुकानांतून फुटका माल म्हणून जवळजवळ फुकट मिळाले. पण पांढरी गच्ची पांढरी ठेवावी लागते. आमच्याकडे फेब्रुवारीपासून धूळ उडते, म्हणून दर पंधरा दिवसांनी झाडू मारायचं ठरलं आहे.

पाण्याने गारवा आणायचा विचारही झाला होता. एप्रिलमध्ये बाहेर ४२ अंश आणि हवेत जेमतेम १५ टक्के आर्द्रता असते. अशा कोरड्या हवेत चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देऊ शकतो, म्हणून तर वऱ्हाडात घरोघरी कूलर. पण आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. बोअरचं पाणी इतकं खारट की कूलरच्या ताट्यांवर महिन्याभरात पांढरी खपली धरते. पिण्याचं पाणी उन्हाळ्यात मोजून येतं, ते कूलरमध्ये ओतायला मन धजत नाही. तो बेत सोडला.

राहिली रात्र. हॉलच्या उत्तर-दक्षिण भिंतींत आठ फुटांच्या वर दीड फूट उंचीचे झरोके ठेवले, पक्की लोखंडी जाळी आणि आतून डासांची जाळी. पूर्वेला दोन एक्झॉस्ट फॅन, टायमरवर, रात्री दहा ते सकाळी सहा. पतसंस्था रात्री उघडी ठेवायची म्हटल्यावर मंडळाला काळजी वाटणारच. उंची, जाळीच्या सळ्या, स्ट्राँगरूमचं वेगळं दार, सगळं पुन्हा पुन्हा दाखवावं लागलं. डासांच्या जाळीने वारा बराच अडतो, म्हणून झरोके मूळ नकाशापेक्षा वाढवून घेतले.

जानेवारी २०२४ मध्ये राहायला आलो आणि एप्रिलमध्ये माझा धीर सुटला. इमारत तापत होती. मॅडम आल्या, दुपारी एक वाजता, आणि दारातच थांबल्या. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. बाहेर लू वाहत होती आणि आम्ही 'हवा येऊ द्या' म्हणून ती आत घेत होतो. दोष कुणाचाच नव्हता, आमची सवयच तशी. सूचना लिहून चिकटवल्या, पण कुणी वाचेना. मग शिपाई भाऊंनी सुचवलं की दोन थर्मामीटर लावा, एक आतल्या भिंतीवर आणि एक उत्तरेच्या ओसरीत सावलीत. दोन्हींच्या मधे एकच ओळ लिहिली: 'बाहेर जास्त असेल तर खिडकी बंद.' सकाळी साडेआठला सगळं बंद होऊ लागलं. आता ठेवीदारसुद्धा आत येताना दोन्ही आकडे वाचतात.

एप्रिलच्या शेवटी बाहेर ४२ असताना दुपारी आत ३२ होतं, फक्त पंख्यांवर. ३२ हा आकडा ऐकून एक संचालक नाराज झाले. एसीत २४ मिळतं, मग हा खटाटोप कशाला? मॅडमनी त्यांना अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांचं काम सांगितलं. त्यांनी अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या १६ कार्यालयांत जाऊन काम करणाऱ्या माणसांनाच विचारलं, आत्ता कसं वाटतंय, सहा हजारांहून जास्त वेळा. त्यातून निघालं की खिडक्या-पंख्यांच्या इमारतीत माणसाला सोयीचं तापमान बाहेरच्या हवेबरोबर सरकतं. बाहेरच्या मागच्या तीस दिवसांच्या सरासरीला ०.५४ ने गुणा, त्यात १२.८३ मिळवा. आपल्याकडे मेची दिवस-रात्रीची सरासरी ३५ धरली, तर उत्तर येतं ३१.७, आणि त्याच्या वर-खाली दोन-सव्वादोन अंश चालून जातात. आपलं शरीर ऋतूबरोबर चालतं. ते संचालक हिशेबाचे पक्के. त्यांनी तिथेच कागदावर आकडा काढून पाहिला.

पंख्याचा वारा अंगावर असेल तरच हे खरं, आणि इथे रोखपाल ताईंची तक्रार आली. पंख्याखाली नोटा उडतात. ही गोष्ट कुठल्याच नकाशात नव्हती. त्यांचा पंखा काढून बाजूला, खांद्यामागे भिंतीवर छोटा लावला आणि काउंटरला आतून सहा इंचाची कड बसवली.

मग आला २०२४ चा मेचा शेवट. अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाने २५ मेपासून महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावलं. त्या आठवड्यात रात्रीही गार नव्हत्या. झरोक्यांतून येणारी हवाच ३० ची, तिने स्लॅब काय निवणार? आम्ही एसी लावले, २६ वर, दुपारी बारा ते पाच. हे मी लपवत नाही. मॅडमनी पहिल्यापासून सांगितलं होतं की ही इमारत एसी बंद करायला बांधलेली नाही, एसीचे महिने कमी करायला बांधली आहे. जुन्या जागेत मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून एसी लागायचा. इथे मेच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत. आणि तो लागला तरी डोक्यावर तवा नसतो, त्यामुळे २६ पुरतं. त्या आठवड्यात लोक काम नसताना येऊन बाकावर बसायचे. आम्ही माठ वाढवले आणि कुणाला उठवलं नाही.

मृगाचा पाऊस झाला की नियम उलटतो. हवा दमट, बाहेर-आत फारसा फरक नाही. आता खिडक्या दिवसा उघड्या, समोरासमोर, वारा आरपार. थर्मामीटरखालची ओळ तीच राहते, फक्त उत्तर बदलतं.

एक चूक अजून बाकी आहे. उत्तरेला ऊन नसतं असं समजून आम्ही तिकडच्या खिडक्यांना काहीच लावलं नाही. पण मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या पंचवीसेक अंश उत्तरेला उगवतो आणि तसाच उत्तरेकडे कलून मावळतो. सकाळी शिपाई भाऊ येतात तेव्हा आणि संध्याकाळी पाचनंतर उत्तरेच्या खिडक्यांतून ऊन तिरपं आत शिरतं, कर्ज विभागाच्या दोन टेबलांवर. दोन्ही उन्हाळे तिथल्या मुलींनी पुठ्ठे लावून काढले. प्रत्येक खिडकीच्या दोन्ही कडांना दीड फुटाची उभी पट्टी हवी. मॅडमनी माप काढून दिलं आहे, ठराव झाला आहे, आणि मिस्त्री गुढीपाडव्यानंतर येतो म्हणाले आहेत.